गॅलरीतले निकाल

मानपाडा रोडवरच्या आमच्या चाळीत गुरुवारी संध्याकाळी वीज जायची. कधी साडेसहाला, कधी सातला, पण जायची हे नक्की. आणि बायकांना वेड लावलेली ती मालिका नेमकी गुरुवारीच साडेसातला लागायची. तेव्हा वाहिनी एकच होती. चुकलेला भाग चुकलाच. मालिकेचं नाव मला लिहायचं नाही, ते आठवलं तरी तोंड कडू होतं. तिच्यात वैजयंती नावाची सून होती, तिला मारणारा शेखर नावाचा नवरा होता, आणि वैजयंतीची आई माई होती. मुलगी रडत माहेरी आली की माई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, स्वतःही रडायची आणि तिला परत पाठवायची. एमआयडीसीच्या क्वार्टर्समध्ये माझी वर्गमैत्रीण नीला राहायची. तिकडची लाइन वेगळी होती, तिकडे दिवे असायचे. नीलाच्या आईला घरात गर्दी खपत नसे, म्हणून चाळीतल्या बायकांनी ठरवून मला एकटीला तिकडे पाठवायला सुरुवात केली. मी नववीत होते. माझी स्मरणशक्ती चांगली होती आणि तोंड त्याहून चांगलं होतं. गुरुवारी मी भाग बघून यायचे आणि शुक्रवारी दुपारी, सकाळची शाळा सुटून जेवणं झाली की, गॅलरीत बसून तो सांगायचे.

गॅलरीत दुपारी टिकल्यांचं काम चालायचं. मखमली टिकल्या बोटाच्या टोकाने उचलून छापील कार्डावर ओळीने चिकटवायच्या आणि कार्ड पाकिटात सरकवायचं. सगळ्यांच्या बोटांना लाल, चॉकलेटी लव लागलेली असायची. सांगणारीला काम माफ होतं. शिवाय शेजारच्या कदम काकू माझ्यासाठी सकाळचे दोन घावणे झाकून ठेवायच्या, वर नारळाचा रस. काकू कोकणातल्या, त्यांच्या पोटमाळ्यावर गावाहून आलेलं नारळांचं पोतं बाराही महिने असायचं, आणि सगळी चाळ त्यांच्याकडून नारळ न्यायची. समोरच्या खोलीतल्या सोनावणे मावशी एका दवाखान्यात आया होत्या. सकाळपाळी करून यायच्या, पाय पसरून बसायच्या, फार बोलायच्या नाहीत. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि त्याखाली मुलांच्या शाळेच्या वह्या लावलेल्या असायच्या. आणि माझी आई. आई आमच्या दाराला टेकून बसायची, तिचं कार्ड सगळ्यांत सरळ असायचं. आत अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळी करून झोपलेले असायचे. ते रंगाच्या कारखान्यात होते. त्या आठवड्यात जो रंग चालू असेल तो त्यांच्या कोपरापर्यंत चढलेला असायचा, आणि उशीच्या अभ्र्यावर त्याचे डाग पडायचे.

भाग सांगून झाला की निकाल लागायचा. ही मला तेव्हा सगळ्यांत विचित्र वाटलेली गोष्ट. शेखरवर कोणी दोन मिनिटंसुद्धा घालवत नसे. 'मेला नालायकच हाय' असं कदम काकू एकदा म्हणाल्या की त्याचं काम संपलं. तो वाईट हे ठरलेलंच होतं, त्यात बोलायला काय मजा? उरलेला पाऊण तास वैजयंतीचा. ती उलट बोललीच का? गप्प राहिली तर गप्प का राहिली? नवरा तापट आहे हे माहीत असताना दिराशी हसून बोलायची काय गरज होती? टाळी काय एका हाताने वाजते? एकदा तिने मार खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी नवीन साडी नेसलेली दाखवली, तर कोपऱ्यातली एक जण म्हणाली, 'म्हंजे एवढं लागलं नसणार.' माईचा निकाल मात्र कायमचा लागलेला होता. माई बिचारी. माई तरी काय करणार? माईचं नाव निघालं की आई पदराने डोळे टिपायची आणि म्हणायची, 'आईचं काळीज आईलाच ठाऊक. लेकीला परत धाडताना तिला काय वाटलं असेल.' सगळ्या माना हलवायच्या. आणि मी घावणे गिळत बसायचे, कारण माझ्या घरात काय चाललंय हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

आजही यात काडीचा फरक पडलेला नाही. माझी मुलगी ऋचा फोनवर एका मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये आहे, आणि जेवताना मला त्यातलं वाचून दाखवते. 'हिला मार खायची सवयच लागलीये.' 'एवढं शिकून घर सोडता येत नाही?' 'सोडून गेली, मुलांचा विचार नाही केला.' ही तीन वाक्यं एकाच बाईबद्दल, एकाच दिवशी, आणि पहिलं नि तिसरं एकीनेच लिहिलेलं. मारणारा दिसायला बरा असला तर त्याच्या फोटोखाली बदाम पाठवणाऱ्याही असतात. आणि बघत बसलेली सासू, परत पाठवणारी आई, यांना समजून घ्यायला केवढी मोठी मनं असतात लोकांकडे. 'त्यांचाही काळ वेगळा होता.' ऋचा हसते. मला हसू येत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला, शोभाताईला, कल्याणला दिली होती. दाजी फार गोड बोलायचे. आले की अण्णांच्या पाया पडायचे, आईच्या हातच्या आमटीचं कौतुक करायचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ताई एकदा सकाळी अकराच्या सुमाराला एकटीच आली. हातात कापडी पिशवी आणि ऐन उन्हाळ्यात कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचा ब्लाउज. आईने बाही वर करून पाहिलं, आणि खाली ओढली. मग तिने ताईला चहा दिला, डोक्याला तेल लावलं, गोड शिरा केला. वेलची कुटल्याचा आवाज मला अजून आठवतो. चार वाजता आईने पाट मांडला, ताईला बसवलं, हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. तांदूळ, खण, सुपारी, नारळ. सवाष्ण लेकीला माहेरहून रिकाम्या ओटीने पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आई रीतीला अगदी पक्की. 'जावईबापूंचा स्वभाव जरा तापट आहे,' ती म्हणाली, 'तू सांभाळून घे. दिल्या घरी सुखी राहा.' अण्णा जागे झाले होते. त्या आठवड्यात ते निळे होते. 'आई म्हणते तसं कर,' एवढं म्हणून त्यांनी कूस बदलली. ताई ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरून गॅलरीतून गेली, टिकल्या लावणाऱ्या बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, आणि पुन्हा तसंच झालं. शिरासुद्धा तसाच.

मला राग आला होता, आणि खरं लिहायचं तर पहिला राग ताईचा आला होता. का जाते ही परत? पदर सोडून तो नारळ रस्त्यात का टाकत नाही? गॅलरीत बसून बसून मीही त्या बायकांसारखीच झाले होते. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा भाग बदलला. टीव्हीवर वैजयंती नुसती रडली होती. मी सांगितलं, की शेखरने हात उगारला, तेव्हा वैजयंतीने चुलीजवळचं लाटणं उचलून त्याच्या खांद्यात घातलं. मला वाटलं होतं, गॅलरी खूश होईल. पण कदम काकू म्हणाल्या, 'नवऱ्यावर हात उचलला तिनं? शोभलं नाय तिला.' दुसरी म्हणाली, 'मग मारील नाहीतर काय करील तो?' म्हणजे आतापर्यंत जो नालायक होता, त्याची बाजू एका लाटण्याने उजळली. तेव्हा मला कळलं, की मार खाणारीने नुसता मार खाऊन भागत नाही, तो नीटनेटका खावा लागतो. तिच्या हातात लाटणं देण्यात अर्थ नव्हता. मग मी वैजयंतीला पुन्हा रडायला लावलं आणि माईकडे वळले.

त्यानंतरचे चार-पाच शुक्रवार मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझ्या माईने वैजयंतीचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. माझ्या माईने शेखरला निरोप पाठवला, की ती मैत्रिणीकडे लपली आहे, येऊन घेऊन जा. माझी माई रडायची, पण मी ते रडणं कसं सांगायचे! 'डोळे पुसले आणि लगेच भात टाकला' असं सांगायचे. हळूहळू गॅलरी फिरली. बिचारीची थेरडी झाली. माझं सांगणं ऐकताना बायकांच्या हातातली कार्डं थांबायची. आई मात्र थांबत नसे. तिच्या टिकल्या एकामागून एक पडत राहायच्या, फक्त ओळ वाकडी जायची, आणि ती नखाने टिकली सोडवून पुन्हा लावायची. मी आईकडे बघूनच सांगायचे. मला तिला दुखवायचं होतं. तिला मारता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, अण्णांकडे तक्रार करण्यात काही दम नव्हता. पण चार बायकांसमोर तिला दर शुक्रवारी थोडं सोलता येत होतं, आणि तिला हूं का चूं करता येत नव्हतं, कारण मी तिचं नाव घेतच नव्हते.

आणि मग मी ओटी सांगितली. माईने पाट मांडला, वैजयंतीचा दंड काळानिळा होता तो पदराने झाकला, आणि तिच्या ओटीत नारळ घातला. तिला म्हणाली, दिल्या घरी सुखी राहा. कदम काकू टिकल्यांचं कार्ड खाली ठेवून म्हणाल्या, 'आई हाय की कसाई? तिच्या हाताला कीड कशी नाय पडली?' सगळ्या एकदम बोलायला लागल्या. असली आई असण्यापेक्षा नसलेली बरी. असल्या आईच्या दारात कुत्रंही उभं राहू नये. सोनावणे मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आईकडे बघत होत्या. रात्रीच्या जेवणाला आईने मला वाढताना विचारलं, 'ती माई तसं करते ते बघून तुला काय वाटलं गं, नंदा?' मी म्हटलं, 'मला तिचा गळा दाबावासा वाटला.' आईने माझ्या ताटात दुसरी भाकरी घातली आणि ती आत गेली.

त्यानंतरच्या बुधवारी नळावर कदम काकूंनी माझा हात धरला. ठाण्याला, खोपटला त्यांची बहीण राहायची, ती भेटायला आली होती. ठाण्यात वीज जात नसे, तिने सगळे भाग पाहिले होते. 'नंदा, माझी बहीण सांगते माई चार भाग झाले, अंथरुणाला खिळून हाय. लेक आली तेव्हा ती बोलूही शकली नाय. मग ओटी कोणी भरली गो?' माझी घागर भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही. काकूंनीच तो बंद केला. मला वाटलं, आता ही सगळ्यांना सांगणार, आणि आईला सुटल्यासारखं होणार. पण काकू म्हणाल्या, 'उद्या गुरुवार. बघून ये. नि परवा तुझीच माई सांग, ती खरी वाटते.'

त्या शुक्रवारी मी नुकतीच सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा ताई जिन्यातून वर आली. पिशवी नव्हती. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता, आणि उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. ती हात छातीशी धरून चालत होती. मी वाट बघत होते. मला खात्री होती, की ज्या बायकांनी न पाहिलेल्या माईच्या हातांना कीड लावली, त्या आता उठतील आणि बोलतील. एकही उठली नाही. सगळ्यांनी खाली मान घालून टिकल्या लावायला घेतल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, 'सावकाश ये गो बाय,' बस. मी एवढे शुक्रवार घसा कोरडा केला तो यासाठी? मला त्या सगळ्यांचे घावणे, त्यांचे अश्रू, त्यांचे निकाल, सगळ्याची किळस आली.

आईने ताईला आत घेतलं. डाव्या हातात कप धरून ताईने चहा घेतला. 'आई, मला राहू दे,' ती म्हणाली. एवढंच म्हणाली. आई म्हणाली, 'चार दिवसांनी राग शांत होतो माणसाचा. आज गेलीस तर तुझा मान राहील. बोलवायला आले तर लोकांत शोभा होईल.' आणि तिने पाट काढला. देवाच्या फळीवर एक नारळ होता. आई खण काढायला पेटीकडे वळली, तेव्हा मी तो उचलला, मोरीत नेला आणि कोयत्याच्या पाठीने फोडला. पाणी सांडलं, थोडं वाटीत धरलं, ते ताईला प्यायला दिलं. आईने मला मारलं नाही. ती फक्त म्हणाली, 'बरं,' आणि तांदळाचं ताट तसंच हातात घेऊन गॅलरीत गेली. वाण्याचं दुकान दुपारचं बंद होतं. पण कदम काकूंचं दार दोन पावलांवर होतं.

'वहिनी, एक नारळ द्या हो. शोभाची ओटी भरायचीये.'

कदम काकूंनी कार्ड खाली ठेवलं नाही. 'नाय हो,' त्या म्हणाल्या, 'संपले.'

पोतं पोटमाळ्याच्या कडेला होतं. गॅलरीतून दिसत होतं. त्यातल्या दोन नारळांच्या शेंड्या बाहेर आल्या होत्या. आईने तिकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. आई ताट घेऊन पुढच्या खोलीकडे वळली. तिथलीने आईने विचारायच्या आधीच नकाराची मान हलवली. त्याच्या पुढची म्हणाली, कालच वाटणाला फोडला. सोनावणे मावशींच्या दारासमोर आई थांबली नाही, पण मावशी आपणहून बोलल्या, 'आमच्यात ओटी नसती भरत, बाई. पण नारळ असता तरी दिला नसता.' आई गॅलरीच्या टोकापर्यंत गेली. बावीस खोल्या होत्या. काही दारं तिला येताना बघून आतून लागली. तिच्या हातातल्या ताटात तांदूळ, सुपारी आणि खण होता, आणि ते ताट घेऊन ती सगळ्यांच्या समोरून परत आली. मी दारात उभी होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला दया यायला हवी होती असं नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं. मला आनंद झाला. पोट भरून आनंद झाला.

दुकान उघडेपर्यंत तिन्हीसांज झाली आणि तिन्हीसांजेला लेकीला घराबाहेर काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार, शनिवारी सासरी पाठवत नाहीत. रविवारी अमावास्या होती. आईच्या रीतींनीच आईला तीन दिवस बांधून ठेवलं. सोमवारी पहाटे सोनावणे मावशी आल्या, ताईला आपल्याबरोबर दवाखान्यात घेऊन गेल्या, बोटांना प्लास्टर घालून आणलं आणि पंधरा दिवसांनी तिथेच तिला कामाला लावलं. दाजी दोनदा आले. दोन्ही वेळा गॅलरीत इतक्या बायका टिकल्या लावत बसल्या होत्या, की त्यांना पाय ठेवायला जागा मिळाली नाही, आणि कोणीही पाय आखडले नाहीत. ताई परत गेली नाही. त्या दुपारनंतर मी गॅलरीत भाग सांगितला नाही, आणि खऱ्या माईचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही.

आई आता माझ्याकडे असते, घोडबंदर रोडला, सतराव्या मजल्यावर. सोसायटीतल्या बायका संध्याकाळी तिच्याजवळ बसतात, आजी आजी करतात, आणि मालिकेतल्या कुठल्या आईने लेकीला परत पाठवलं की आई त्यांना सांगते, 'मी नाही पाठवली माझी पोर. सगळी चाळ एकीकडे आणि मी एकीकडे. दारातच उभी राहिले.' बायकांचे डोळे भरून येतात. गेली कितीतरी वर्षं ती हे सांगते आणि समोर असली की ताईच मला डोळ्यांनी दटावते, जाऊ दे, म्हातारी आहे. मीही गिळत आले. मागच्या महिन्यात ताई राहायला आली होती, खोलीत पाच-सहा जणी होत्या, टीव्ही चालू होता, आणि आईने पुन्हा सुरू केलं. या वेळी मी थांबले नाही. मी म्हटलं, 'आई, तू तिला ठेवलं नाहीस. तुला कोणी नारळ दिला नाही म्हणून ती राहिली.'

आईने माझ्याकडे अगदी निरागस तोंडाने पाहिलं. 'कसला नारळ?'

मला खरंच कळत नाही, ती विसरली आहे की नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई बोलली. मला दटावणारी ताई. तिने हातातली मेथी निवडायची थांबवली नव्हती. तिची ती दोन बोटं अजूनही नीट वळत नाहीत.

'माझ्या ओटीतला, आई,' ती म्हणाली. 'तिसरा.'

बायकांनी एकदा ताईकडे पाहिलं आणि एकदा आईकडे, आणि त्या कशा बघत होत्या ते मला चांगलंच ओळखीचं होतं. आई म्हणाली, 'नंदा, जरा आवाज वाढव गं, ऐकू येत नाही.' रिमोट माझ्या हातात होता. मी टीव्ही बंद केला.